समावेशित शिक्षणाचं ट्रेनिंग वर्गात उतरलं का, कसं तपासाल? फॉर्म, प्रश्नावली की मागच्या बाकावर बसणं

समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकवणं. मुख्याध्यापक असाल किंवा केंद्राचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं, काम बघत असाल तर हा प्रश्न येतोच, कारण 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांना वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण सांगितलंय, दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स आहेत, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतही एखादा तास दिव्यांग मुलांवर असतो, आणि एवढं सगळं होऊन फाईलला काय लागतं तर सर्टिफिकेटं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फीडबॅक फॉर्म. दहा मिनिटांत काम होतं, पण तो भरायची वेळ बघा ना, चहा झालेला, एसटी गाठायची घाई, मग सगळीकडे पाचपैकी पाच. मी स्वतः असेच भरलेत. हॉल कसा होता, माईक चालला का एवढं त्यातून कळतं, तेवढ्यापुरता ठेवा.

शेवटी चाचणी घेणं त्यापेक्षा बरं, पण प्रश्न कसे विचारता त्यावर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे किती प्रकार, उत्तर 21, हे पाठ करून येतं (आणि ऑनलाइन असेल तर व्हॉट्सअॅपवरूनही येतं!). त्याऐवजी एक प्रसंग द्या की मूल वाचताना ओळी गाळतंय, पण तोंडी उत्तरं बरोबर देतंय, तुम्ही उद्या काय कराल? इथे खरं कळतं.

तिसरा पर्याय आत्मविश्वासाची प्रश्नावली. शर्मा, लोरमन आणि फॉरलिन या संशोधकांची 2012 ची 18 वाक्यांची आहे, शिकवणं, वर्तन सांभाळणं, पालक आणि तज्ज्ञांसोबत काम करणं अशा तीन अंगांनी विचारते. चांगली आहे पण एक गंमत लक्षात ठेवा, ट्रेनिंगनंतर आकडा कधीकधी खाली येतो, कारण आधी वाटत असतं मला सगळं जमतं आणि मग कळतं की आपण काहीच करत नव्हतो. आकडा पडला म्हणून ट्रेनिंग फुकट गेलं असं ठरवू नका. नंतरच विचारा की तेव्हा किती जमत होतं आणि आता किती, ती तुलना जास्त खरी निघते.

आता माझं मत. वेळ एकाच गोष्टीला असेल तर वर्गात जाऊन बसा. ट्रेनिंगच्या आधी 20 मिनिटं आणि साधारण दीड महिन्याने पुन्हा 20, दोन्ही वेळा त्याच मुलाकडे बघायचं, बाईंकडे नाही. आम्ही तिसरीतल्या एका अल्पदृष्टी मुलाकडे असं बघितलं, आधी तो मागच्या बाकावर, फळ्यावरचं सगळं शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा. नंतर गेलो तर बाई फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलत होत्या, म्हणजे ट्रेनिंग उतरलं होतं, पण पोरगं अजून मागेच आणि वही अजून शेजारच्याचीच! का, तर शाळेत उंचीप्रमाणे बसवायचा नियम. हे कुठल्या फॉर्ममध्ये आलं असतं? शिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी 2000 साली शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन पाच पातळ्यांवर करायला सांगितलं, त्यात मधली पातळी हीच आहे, शाळेने साथ दिली का. आपण पहिली, म्हणजे ट्रेनिंग कसं वाटलं हे विचारणारी, करून थांबतो.

तोटा आहेच. वेळ जातो, आणि मागे कोणी वही घेऊन बसलं की शिक्षकांना तपासणी आल्यासारखं वाटतं, मग त्या दिवशीचा तास नेहमीचा राहत नाही. म्हणून साहेबाने जाऊ नये, शेजारच्या वर्गाच्या बाईंनी किंवा गटसाधन केंद्राच्या (तालुक्याच्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राच्या) विशेष शिक्षकांनी जावं, शेरा लिहू नये, फक्त मूल काय करत होतं ते लिहावं आणि तो कागद सेवापुस्तकाच्या आसपासही फिरकू देऊ नये. चाळीस-पन्नास शिक्षकांचं केंद्र असेल तर सगळीकडे जाणं जमणार नाही, तिथे प्रसंगाचे प्रश्न सगळ्यांना द्या आणि वर्ग चार-पाचच निवडा, पण ते चिठ्ठ्या टाकून, नाहीतर दाखवायचे वर्ग ठरलेलेच असतात.