लोहचुंबक चिकटला नाही, म्हणजे ३०४?

दुकानदार स्वतःहून गल्ल्यातला लोहचुंबक काढून तुमच्या हातात देऊ लागला की सावध व्हा. "साहेब, तुम्हीच लावून बघा. चिकटला तर पैसे परत." चुंबक क्रॅश गार्डवरून, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचवणाऱ्या पाइपच्या कठड्यावरून, सरळ घसरतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पुण्यात बुलेटसाठी गार्ड आणि त्यावर पाय ताणून टेकवायचे हायवे पेग घेतले, तेव्हा माझ्यासमोर हाच खेळ झाला. '३०४ स्टेनलेस, दोन एमएम पाइप, आयुष्यभर बघायला नको' असं सांगून बसवणावळीसकट साडेसहा हजार घेतले. माल २०२ या स्वस्त जातीच्या स्टेनलेसचा होता, पाइप दोन एमएमच्या निम्म्याहून कमी जाडीचा होता आणि इंजिनचा मूळ बोल्ट काढून तिथे भलताच घातला होता.

चुंबकाचं आधी सांगतो. तो चिकटला नाही यावरून एवढंच कळतं, की हे साधं लोखंड नाही. स्टेनलेसमधल्या २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींना तो धरत नाही. ३०४ मध्ये क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून कसर मँगनीजनं भरून काढतात, कारण निकेल महाग. पॉलिश केल्यावर डोळ्यांना दोन्ही सारखेच. २०२ टाकाऊ आहे असं नाही. जिन्याच्या कठड्याला सर्रास वापरतात. पण पावसात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत त्यावर लवकर डाग धरतात, आणि ३०४ चा भाव देऊन तो कोण घेईल? त्यात गंमत अशी, की अस्सल ३०४ चा पाइप जिथे वाकवलेला असतो तिथे चुंबक किंचित ओढला जाऊ शकतो. म्हणजे दुकानदाराच्या या परीक्षेत खरा माल नापास आणि खोटा पास, असंही घडतं.

मी साताऱ्याचा. आंबोलीमार्गे गोव्याला निघालो होतो. कागल मागे टाकलं, रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाय पेगवर टाकले. थोड्याच वेळात उजवा पेग क्लॅम्पसकट गर्रकन खाली फिरला आणि बूट रस्त्याला घासला. गाडी सरळ राहिली हे नशीब. कडेला घेऊन बघतो तर पेग सोडाच, अख्खा गार्डच हाताला हलत होता. खालच्या पट्टीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेलेली. तारेनं आवळलं आणि हळूहळू कोल्हापुरात उद्यमनगरला परत आलो. मशीनकामाला कोल्हापुरात दुसरीकडे कुठे जायचं कारणच नाही.

तिथल्या वेल्डरमामांनी गार्ड हातात घेतला, वर-खाली तोलला आणि म्हणाले, "हे पोकळ काम हाय बघा." ग्राइंडरनं पाइपचं टोक कापून व्हर्नियर लावला. जाडी एक एमएमसुद्धा भरेना. मग शेजारच्या दुकानातून स्टेनलेस तपासायची बाटली आणली. द्रवाचा एक थेंब धातूवर टाकायचा आणि नऊ व्होल्टच्या सेलनं त्याला करंट द्यायचा. २०० मालिकेतला, म्हणजे २०२ सारखा माल असला की थेंब लाल होतो. आमचा झाला, तोही लगेच. ही बाटली भंगारवाल्यांकडेसुद्धा असते. गार्ड विकणाऱ्या दुकानात मात्र ती मला दिसली नाही, चुंबक तेवढा तत्परतेनं निघाला.

पाइपची जाडी दुकानात सहज कळत नाही, कारण टोकं वेल्ड करून किंवा प्लास्टिकची बुचं मारून बंद केलेली असतात. बुच असेल तर काढायला लावा आणि कडेला व्हर्नियर लावा. 'जाड गेज' या शब्दावर जाऊ नका. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो: १४ गेज म्हणजे साधारण दोन एमएम, १६ म्हणजे १.६ आणि २० म्हणजे एकच्याही आत. 'वीस गेजचा आहे साहेब, भारीतला' असं छाती ठोकून सांगणारा मला नंतर दुसऱ्या एका दुकानात भेटला. त्याला स्वतःला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

सगळ्यात जास्त राग मात्र बोल्टाचा येतो. गार्ड इंजिनच्या पुढच्या माउंटिंगवर बसतो, तिथे पट्टीच्या जाडीमुळे लांब बोल्ट लागतो हे मान्य. पण तो तितकाच दणकट हवा. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला असतो. त्यातल्या पहिल्या ८ चा अर्थ तुटायच्या आधी ८०० मेगापास्कल ताण सोसण्याची ताकद. माझ्या गाडीत घातलेल्या बोल्टचं डोकं कोरं करकरीत होतं. मूळ बोल्ट परत दिलाच नव्हता. बसवताना काढलेला प्रत्येक नट-बोल्ट मागून घ्या, आणि पाच-सातशे किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळून घ्या, कारण बुलेटची थरथर कुणाला नवीन नाही.

पेगचं कोडं सोपं निघालं. क्लॅम्प ३२ एमएम पाइपचा, गार्ड २५ चा. मधली फट सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून भरलेली. उन्हात इंजिनजवळ ते रबर मऊ पडलं आणि पायाच्या वजनानं क्लॅम्प फिरला. वरून तोच माणूस मला ब्रेकचं पायडलही वेल्ड करून पुढे आणून द्यायला निघाला होता, 'म्हणजे पाय उचलायलाच नको'. ते मी करू दिलं नाही. पाय पेगवर असताना ब्रेक बराच मागे राहतो हे खरंच आहे. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, म्हणून पेग मोकळ्या रस्त्यापुरतेच. त्यावर उपाय म्हणून ब्रेकचा दांडा कापून जोडणं मला तरी वेडेपणा वाटतो.

तक्रारीचं म्हणाल, तर दुकानदारानं 'टॅक्स वाचतो' म्हणत फक्त एस्टिमेटचा कागद दिला होता, त्यावर ना जीएसटी क्रमांक ना मालाची जात. मी पैसे यूपीआयनं दिले होते आणि भाव ठरवताना त्यानंच व्हॉट्सअ‍ॅपवर '३०४, २ एमएम, गॅरंटी' असं लिहून पाठवलं होतं. हेच कामाला आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथे निकाल लागला नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं खरेदी पुण्यात झाली तरी मी राहतो त्या साताऱ्याच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही.

हेल्पलाइनचा निरोप गेल्यावर दुकानदाराचा फोन आला. आवाजात एकदम मध. "साहेब, नवा गार्ड फुकट बसवून देतो, तक्रार तेवढी मागे घ्या. या वेळी पाइपवर लेझरनं ३०४ कोरून देतो." कोरायचं मशीन त्याच्याच दुकानात आहे, हे मी गार्ड घ्यायला गेलो तेव्हाच पाहिलं होतं. तक्रार कायम आहे.