पिकअपच्या काचेवर वाफ: हीटर बायपास करायचा की कोर बदलायचा?

पावसात काचेवर वाफ धरायला लागली की गॅरेजमध्ये सल्ला ठरलेला, गोव्यात हीटर कोणाला लागतो, बायपास करून टाक, म्हणजे इंजिनचं गरम कूलंट हीटरच्या कोरमध्ये, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, जाऊच द्यायचं नाही. सल्ला अर्धाच बरोबर आहे, गाडीला एसी आहे का आणि ती फिरते कुठे त्यावर सगळं आहे.

आधी वाफ कुठून धरतेय ते बघा. वायपर मारल्यावर काच साफ झाली तर ती बाहेरून आहे, एसीने काच गार पडलीय आणि बाहेरच्या दमट हवेतलं पाणी तिच्यावर जमतंय, हीटरचा काही संबंध नाही, झोत काचेवरून वळवा, एसी जरा कमी करा, झालं. आतून असेल तर बोट फिरवा. नुसतं पाणी लागलं तर ओली मॅट, केबिनमधल्या तिघांचा श्वास आणि रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) राहिलेलं बटण, बहुतेक वेळा एवढंच असतं. पण बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला आणि कूलंट दर थोड्या दिवसांनी कमी भरतंय, तर कोर लीक आहे, उगाच दुसरं शोधत बसू नका. क्लीनर साइडची मॅट ओली दिसली की लगेच कोरवर खापर फोडतात, एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी पाणी तिथेच येतं, फक्त त्याला ना रंग ना वास.

लीक नाही पण हीटर तापतच नाही? इंजिन गरम झाल्यावर ते बंद करा आणि केबिनमध्ये जाणारे दोन होज (कूलंटचे रबरी पाइप) बेताने चाचपा. दोन्ही गरम आणि आत हवा गार, तर केबल नाहीतर ती ओढते तो हवा वळवणारा फ्लॅप. एक गरम एक गार, तर कोर चोक किंवा वॉल्व बंद. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी, एअर लॉक (आत अडकलेली हवा) नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आणि आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकलेल्या गाड्या काय कमी आहेत, त्यांचा हीटर तापणार कसा!

आता लीकच निघाला तर. बायपास म्हणजे दोन होज एकमेकांना जोडायचे, काम थोडक्यात आणि स्वस्तात. कोर बदलायचा तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी पार्टपेक्षा जास्त जाते आणि नंतर डॅशबोर्ड खडखडला तर तोही ताप. एसी चालू आहे आणि गाडी म्हापसा-मडगाव करतेय, तर मी डोळे झाकून बायपास सांगेन, एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच साफ ठेवायला तेवढं पुरतं.

एसी नाही, तर गोष्ट वेगळी. बेळगावहून भाजी घेऊन जुलैत पहाटे चोर्ला घाटातून उतरताना पावसामुळे काच खाली करता येत नाही आणि फडका मारून मारून हात दुखतो, तिथे काच सुकवायला हीटरची गरम हवा सोडून दुसरं काही नाही, कोरच घाला. एसी आहे पण रोज घाट आहे, तरी मी कोरकडेच झुकेन, एसी आणि हीटर एकत्र लावले की काच जेवढी पटकन साफ होते तेवढी एकट्या एसीने होत नाही.

लीक बंद करायची पावडर मिळते, तिच्या नादी लागू नका, कोरच्या बारीक नळ्या चोक होतात. कोर घालताना जुने होज आणि क्लॅम्पही त्याच वेळी बदलून घ्या, आणि बायपास केला तरी कूलंट पुरं भरून एअर काढायला सांगा, नळाचं पाणी ओतून गाडी हातात देणारे आहेत.