दारावरची नक्षीची काच आणि घरातला आडोसा: पडदा, फिल्म की नवी काच?

नक्षीच्या काचेचं पुढचं दार आपण दिवसा बघून पसंत करतो आणि आडोसा लागतो तो रात्री. बाहेर ऊन आणि आत सावली असेल तर साध्या काचेतूनही बाहेरच्याला आतलं फारसं दिसत नाही, कारण काच बाहेरचाच उजेड परत फेकत असते. दिवेलागण झाली की सगळा हिशोब उलटतो. हॉलमधली ट्यूब लागली की कोण सोफ्यावर लवंडलंय, कोण जेवायला बसलंय, टीव्हीवर कुठली मालिका लागलीय, सगळं फाटकातून दिसतं. आणि इंदूरात रात्री रस्ते रिकामे नसतात. उन्हाळ्यातही माळव्याची रात्र सुखाची, ‘शब-ए-मालवा’ म्हणून तिला उगाच नावाजलेलं नाही. जेवणं आटोपली की कॉलनीतली माणसं शतपावलीला निघतात, ओटल्यावर खुर्च्या येतात, पोरं सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराकडे सुटतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण उजेड दिसला की नजर तिकडे वळतेच.

म्हणून पर्याय कुठलाही असो, रात्री घरात दिवे असताना तो काय करतो हे मी आधी बघतो. तुम्हीही काही विकत घेण्यापूर्वी एक करून बघा. रात्री हॉलचे सगळे दिवे लावा, घरातल्या कुणाला तरी आत नेहमीसारखं वावरायला सांगा आणि स्वतः फाटकाबाहेर जाऊन उभे राहा. काचेच्या प्रत्येक भागातून दिसत नाही, ठरावीक भागांतूनच दिसतं, असं बहुतेकांच्या लक्षात येईल. आमच्या सागवानी दाराच्या दोन्ही पानांना उभ्या लांब काचा आहेत. मधे रंगीत वेल, तिच्याभोवती दाणेदार तुकडे आणि कडेनं बेव्हलिंगच्या, म्हणजे कडा उतरत्या घासलेल्या, स्वच्छ काचेचे चौकोन. घर उघडं पडत होतं ते फक्त या कडेच्या चौकोनांतून. रंगीत आणि दाणेदार काच आपलं काम आधीपासूनच नीट करत होती.

दुसरं, आपली काच कुठल्या जातीची आहे ते बोटांनी चाचपून घ्या. पितळी किंवा शिशाच्या पट्ट्यांत खरोखरचे वेगळे तुकडे बसवलेले आहेत, की एकाच अख्ख्या काचेवर पट्ट्या आणि रंगीत फिल्म चिकटवलेली आहे? दुसऱ्या प्रकारात रंगाच्या बाजूनं पाणी मारायचं काम निघालं तर कडा सुटू शकतात, तेव्हा जे करायचं ते मागच्या कोऱ्या बाजूनं. आणि चिकटणारी कुठलीही वस्तू गुळगुळीत बाजूवरच टिकते. दाणेदार बाजूवर ती फक्त उंचवट्यांना धरते आणि मधे हवा राहते.

आता पर्याय. दुकानात गेलात की बहुधा सगळ्यात आधी वन-वे फिल्म पुढे येते, म्हणजे आपल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला फक्त चकाकी. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवर काळ्या फिल्मला बंदी घातली, तेव्हापासून घराच्या दारालाही हा नियम लागतो का, असं पुष्कळ लोक विचारतात. तो आदेश वाहनांपुरता आहे, घराला लागू नाही. माझा आक्षेप निराळा आहे. या फिल्मची सगळी करामत उजेडाच्या फरकावर चालते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला आरसा दिसतो. म्हणजे संध्याकाळी आपल्या घरी दिवा लागला की आरसा आपल्याला दिसणार आणि घर रस्त्याला. दिवसासुद्धा कुणी हातांचा आडोसा करून काचेला कपाळ टेकवलं तर आतलं दिसतंच, कारण बाहेरचा उजेड त्यानं हातांनीच अडवलेला असतो. शिवाय गडद आणि चकाकणाऱ्या फिल्ममुळे काच जास्त तापते, आणि पश्चिमेकडच्या दाराची साधी, टफन न केलेली (म्हणजे भट्टीत तापवून कडक न केलेली) काच मे महिन्याच्या उन्हात तडकण्याची भीती राहते. दिवसभर घर बंद आणि रात्री लवकर निजानीज, अशा घराला ती चालेलही. मला ती पटली नाही.

काचच बदलणं हा सगळ्यात पक्का उपाय. लोकमान्यनगरला ताईकडे तेच केलं. जुन्या काचा काढून उभ्या रेघांची, ज्याला रीडेड किंवा फ्लूटेड म्हणतात ती काच टफन करून बसवली. दिसते छान. माणूस पलीकडे उभा असला की त्याच्या उभ्या चिरफळ्या दिसतात, चेहरा ओळखू येत नाही, आणि उजेड जवळजवळ पूर्वीइतकाच येतो. पण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. सुतारानं बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढून माप घ्यायचं, काच त्या मापाची करून आणायची, आणि माप किंचित चुकलं तर ती काच वाया. जुनी दारं वर्षानुवर्षांच्या पावसानं थोडी वाकलेली असतात, त्यामुळे दोन्ही पानांची मापं सारखी असतीलच असं नाही. ऑर्डर देताना काचेवर आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का येणार आहे ना, हेही विचारून घ्या.

सँडब्लास्ट केलेली दुधी काच घेणार असाल तर आमच्याकडच्या रंगपंचमीची आठवण ठेवा. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी गुलाल आणि रंगाचं पाणी गल्लीबोळांत पोचतं, आणि खरखरीत बाजू बाहेर असेल तर रंग तिच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतो. ती बाजू ओली झाली की काच तेवढ्यापुरती पारदर्शकही होते. तेव्हा खरखरीत बाजू आत ठेवायची. मग हाताच्या तेलकट डागांचा प्रश्न उरतो, पण तो पुसण्यासारखा आहे.

तरी मी काच बदलली नाही, कारण आमची नक्षी मला हवी होती. इतवारिया बाजारात सेठ हुकुमचंदांनी भिंती, खांब, छत सगळं काचेनं मढवून काच मंदिर उभारलं, त्या गावात काचेची हौस थोडीबहुत सगळ्यांनाच असते. वडिलांनी हौसेनं करून घेतलेला वेल कडेच्या चार चौकोनांसाठी उतरवावा, हे मनाला पटेना. तुमच्या दारावर अख्खी स्वच्छ काच आणि कोपऱ्यात थोडीशी नक्षी असेल, तर मात्र ताईसारखंच करा.

राहिला पडदा आणि फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी काचेसारखी दिसणारी, फिल्म. खरी निवड बहुतेकांची या दोघांतच असते.

पडद्याच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. काचेला हात लावावा लागत नाही, भाड्याच्या घरातही चालतो, कंटाळा आला की बदलता येतो. क्लॉथ मार्केटमधून कापड आणलं, शिंप्याकडून वर आणि खाली दोन्हीकडे नेफा शिवून घेतला, दाराच्या पानालाच वरखाली दोन बारीक दांड्या लावल्या की झालं. खालची दांडी हवीच, नाहीतर दार उघडताना पडदा झोकांडतो आणि बंद करताना चौकटीत चिमटतो. आमच्याकडे बरेच दिवस असाच पडदा होता आणि बायकोला तो आवडायचाही. फक्त नेटचं कापड घेऊ नका. नेटही उजेडाच्याच नियमानं चालतं, रात्री आत दिवा असला की पलीकडून आरपार दिसतं. जाड कापड घ्यावं लागतं, आणि जाड घेतलं की दिवसा हॉल अंधारतो आणि नक्षी घरातून दिसेनाशी होते. इथवरचं मी चालवून घेतलं असतं.

मला नको झाला तो पडद्याचा कोपरा. दुपारी घरी आई एकटी असते. बेल वाजली की ती दाराशी येते आणि कोण आहे ते बघायला पडद्याची कड दोन बोटांनी बाजूला करते. नेमकी तीच दोन बोटं बाहेरच्याला दिसतात. चंदा मागायला आलेला असो, वॉटर प्युरिफायर विकणारा असो की ‘मीटर बघायचंय’ म्हणणारा अनोळखी माणूस असो, पडदा हलला की त्याला कळतं, घरात कुणीतरी आहे आणि आपल्याकडे बघतंय. मग तो बोलायलाच सुरुवात करतो. आईच्या पिढीला दाराशी बोलणाऱ्या माणसाला उत्तर न देता मागे फिरणं जमत नाही. तिला संकोच होतो, आणि ती दार उघडते. आडोसा म्हणजे बाहेरच्याला आतलं न दिसणं एवढंच नाही, बाहेर कोण आहे हे आपल्याला गुपचूप कळणं हाही त्याचा अर्धा भाग आहे, आणि पडदा नेमका तिथे दगा देतो. दाराच्या लाकडात भोक पाडून मॅजिक आय बसवता येतो, पण मधल्या लाकडी पट्टीत कडीकुलपाला जागा सोडून तो आईच्या डोळ्याच्या उंचीवर येत नव्हता. व्हिडिओ डोअरबेलही आहेच. तिचं ॲप आईनं मोबाईलवर उघडेपर्यंत बाहेरचा माणूस तिसऱ्यांदा बेल वाजवतो.

फ्रॉस्टेड फिल्मनं हे कोडं सुटलं, आणि तेही नक्षीमुळेच सुटलं. आम्ही सबंध काचेवर फिल्म ओढलीच नाही. रंगीत आणि दाणेदार तुकडे तसेच सोडले आणि फक्त स्वच्छ चौकोनांपुरते फिल्मचे तुकडे कापून आतून लावले. त्यातही सगळ्यात वरची ओळ मोकळी ठेवली. आमचं जोतं उंच आहे, रस्त्यावरच्या माणसाची नजर खालून वर जाते, त्यामुळे त्या ओळीतून त्याला पंखा आणि छतच दिसतं. तुमचं दार फ्लॅटच्या पॅसेजमध्ये, सपाटीला असेल तर वरची ओळही झाका.

आणि आईच्या डोळ्यासमोर येणारा एक चौकोन, तळहाताहूनही लहान, मुद्दाम कोरा ठेवला. आतून त्याला डोळा लावला की ओटला, पायऱ्या, फाटक सगळं दिसतं. बाहेरून मात्र लांबून बघणाऱ्याला तेवढ्याशा जागेतून भिंतीचा एखादा तुकडा दिसतो, आणि बेव्हलिंगच्या उतारामुळे तोही वाकडा. आई आता बेल वाजली की तिथून बघते, ओळखीचं असेल तर उघडते, नसेल तर परत जाऊन पडते. रात्री आत दिवा असताना डोळा लावला तर तो चौकोन क्षणभर काळा होतो आणि चाणाक्ष माणसाच्या ते लक्षात येऊ शकतं, हे खरं. पण पडद्याच्या कोपऱ्याइतकं ते उघड नाही.

फिल्मच्याही कुरबुरी आहेत. फ्रॉस्टेड म्हणजे काहीच दिसत नाही असं नाही. काचेला अगदी चिकटून उभं राहिलेल्या माणसाची आकृती दिसते, मग तो आतला असो की बाहेरचा. दोन-तीन पावलं मागे सरकला की नुसता रंगाचा डाग उरतो. त्यामुळे दाराला लागूनच जिना किंवा कपडे बदलायची खोली असेल तर एकट्या फिल्मवर विसंबू नका. ही फिल्म काच फोडणाऱ्याला अडवत नाही, ते काम बाहेरच्या जाळीच्या दाराचं. लावायलाही निगुतीनं लागते. काच ब्लेडनं खरवडून साफ करायची, शाम्पूचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारायचं, फिल्म ठेवून मधून कडेकडे पाणी ढकलत जायचं, आणि तेवढा वेळ पंखा बंद, कारण धुळीचा एक कण आत राहिला तरी तिथे फोड येतो. पट्ट्यांपासून मिलिमीटरभर जागा सोडली नाही तर कड पट्टीवर चढते आणि तिथूनच उकलायला लागते. आमचा एक तुकडा असा उकलला होता, तेवढाच बदलला, बाकीच्यांना हात लावावा लागला नाही.

चिकट नको असेल तर नुसत्या पाण्यावर धरणारी स्टॅटिक फिल्म मिळते. काढून पुन्हा लावता येते, म्हणून भाडेकरूंना ती बरी. अख्ख्या मोठ्या काचेवर ती चांगली बसते, पण लहान तुकड्यांना चारही बाजूंनी कड असते, कडेला धूळ शिरते आणि पकड जाते. आमच्या दाराला म्हणूनच गोंदाची फिल्म.

लहान मुलं काचेला सतत हात लावत असतील, किंवा दार पुढच्या वर्षी बदलायचंच असेल, तर पडदा लावून मोकळे व्हा, माझं काही म्हणणं नाही. आणि फिल्मचं ठरलं, तर प्रत्येक तुकड्यावर आधी कागद धरून बोटानं कड दाबून साचा काढा, त्यावर कुठल्या पानाचा, कितव्या ओळीतला ते लिहा आणि मगच फिल्म कापा. हातानं बसवलेल्या काचेत एकसारखे वाटणारे दोन चौकोनसुद्धा केसभर कमीजास्त निघतात. काम झाल्यावर ते साचे टाकून देऊ नका, पाकिटात घालून ठेवा. पश्चिमेच्या उन्हानं फिल्म पिवळी पडली की तेच पुन्हा लागतील.