'लाईफटाइम फ्री' सांगून गळ्यात मारलेलं कार्ड

नागपूरजवळच्या मिहानमध्ये किंवा बुटीबोरीला पहिली नोकरी लागलेल्यांनी हे जरूर वाचा. क्रेडिट कार्ड विकणारे नेमकी तुमच्यासारखीच मुलं शोधत असतात.

अशाच एका एजंटने मला नागपुरात बर्डीवर एका मॉलच्या दाराशी गाठलं. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं एकदम घरच्यासारखं. "ताई, लाईफटाइम फ्री कार्ड आहे, सोबत झिरो बॅलन्स खातं. एक रुपया लागत नाही. उद्या स्कीम बंद होऊन राहिली." पॅन, आधार, पगाराची स्लिप त्याने तिथेच घेतली. मग ओटीपी सुरू झाले. पहिला आधारच्या पडताळणीचा, दुसरा कार्डाच्या अर्जाचा. तिसरा आला तेव्हा म्हणाला, "सर्व्हर स्लो आहे ताई, परत एकदा सांगा."

तो तिसरा ओटीपी 'कार्ड प्रोटेक्शन' नावाच्या योजनेला संमती देण्याचा होता. मेसेजमध्ये तसं लिहिलेलं होतं. पण मोबाईलच्या नोटिफिकेशन पट्टीवर वरचे सहा आकडेच दिसतात, पुढचं वाक्य मेसेज उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि समोरचा "लवकर सांगा, वेळ संपतो" म्हणून घाई करत असतो. ही घाई मुद्दाम केलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं बिल आलं: वार्षिक शुल्क ९९९ रुपये, त्यावर जीएसटी १७९.८२, प्रोटेक्शन योजनेचे १,८९९. कार्ड तर मी अजून वापरलंही नव्हतं. खात्याचीही तीच गत. झिरो बॅलन्स कसलं, महिन्याला सरासरी १०,००० रुपये ठेवायची अट निघाली आणि कमी पडले म्हणून दंड कापला.

शाखेत गेले तर काउंटरवरून उत्तर मिळालं, "मॅडम, तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे." हे ऐकून मुकाट्याने परत फिरू नका. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांनुसार एजंटने जे काही केलं त्याची जबाबदारी बँकेवरच येते. माझ्याकडे त्या माणसाचा व्हॉट्सॲप मेसेज होता, "लाईफटाइम फ्री, नो चार्जेस". त्याचा स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार दिली, तेव्हा कुठे शुल्क आणि योजनेचे पैसे परत आले. खात्यातला दंड मात्र अजून अडकलेला आहे.

म्हणून एजंट तोंडाने काय सांगतो ते सोडा, सगळं लेखी मागा. कार्डाच्या अर्जासोबत बँकेला एक 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात वार्षिक शुल्क आणि व्याज छापलेलं असतं. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे ४२! बिलावरची 'मिनिमम ड्यू' (किमान भरायची रक्कम) तेवढी भरली तर बाकीच्या रकमेवर हे व्याज चढत जातं. पहिलंच कार्ड हवं असेल तर स्वतः शाखेत जा आणि छोट्या एफडीवर (मुदत ठेवीवर) मिळणारं कार्ड मागा. खातं उघडताना 'बेसिक सेव्हिंग्ज' खातं मागा, त्यात किमान शिल्लक ठेवायची अटच नसते.

रागाच्या भरात बिल थकवू नका, त्याने सिबिल स्कोअर (कर्ज वेळेवर फेडता की नाही याचे गुण) खराब होतो आणि पुढे घराचं कर्ज मागताना ते नडतं. कार्ड बंद करायचं असेल तर थकबाकी चुकती करून लेखी अर्ज द्या. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला रोजचे ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

बँकेने ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार करा. काही अडलं तर १४४४८ वर फोन लावा. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. खात्यातल्या दंडासाठी मी आता तिथेच तक्रार टाकते आहे.