जुनी घरं की चालती गोदी: छोट्या किनारी गावाने आधी काय जपावं?

गावाकडे पैसा एकाच कामापुरता असला की प्रश्न हमखास येतो: जुन्या इमारती नीट करून दाखवायच्या, की धक्क्यावरच्या गोदीत अजून चालू असलेलं नावा बांधायचं काम? दोन्ही वाटांनी गेलेली गावं आहेत, त्यांच्याकडे बघून ठरवता येतं.

पहिल्या वाटेवर व्हिएतनाममधलं होई आन. नदी गाळाने भरत गेली, जहाजं दा नांग बंदराकडे वळली आणि व्यापाऱ्यांची लाकडी घरं होती तशी राहिली. १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. जुन्या भागातल्या ठरावीक वास्तूंसाठी एकच तिकीट असतं आणि त्याच्या पैशातून डागडुजी होते. ही पद्धत सरळ उचलावी. इमारत रोज जागेवर असते, फोटो छान येतो. पण पाहुणा अर्ध्या दिवसात बघून निघतो. पुराचं पाणी मात्र पुन्हा पुन्हा घरात शिरतं, म्हणजे खर्च कायमचा. शिवाय घरामागून घराचं दुकान होत गेलं, की संध्याकाळी दार लावून आत राहणारं कुटुंब उरत नाही.

दुसऱ्या वाटेवर कॅनडातलं लुनेनबर्ग. १७५३ मध्ये आखून वसवलेलं हे गाव १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तेव्हा घरं त्यांच्याकडेही देखणी आहेत. माणूस रेंगाळतो तो मात्र पाण्याकाठी. मासेमारी आणि शर्यत दोन्ही गाजवणारी शिडाची बोट ‘ब्लूनोज’ १९२१ मध्ये इथेच बांधली गेली, १९६३ मध्ये तिची प्रतिकृतीही इथेच. मासेमारीचं संग्रहालय जुन्या मासळी कारखान्यात आहे. नावेच्या फळ्यांच्या फटीत कापसाची वात लाकडी हातोड्याने ठोकून बसवताना बघायला मिळालं, तर कुणीही तासभर हलत नाही. तोच पाहुणा मुक्काम करतो. अडचण एवढीच की कारागीर आजारी पडला की त्या दिवशी दाखवायला काही नाही, आणि शिकाऊ तयार व्हायला वर्षं जातात.

घरांच्या किमतींचा धोका दोन्हीकडे आहे. इंग्लंडमधल्या व्हिटबीत मठाचे भग्नावशेष, समुद्र, कथा-कहाण्या सगळंच आहे. तिथे २०२२ मध्ये मतदान करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांनी नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच ठेवा असं सांगितलं. हा नियम गर्दी येण्याआधी करायचा असतो.

माझं मत गोदीच्या बाजूने आहे. होई आनची जुनी घरंही नदीपलीकडच्या किम बाँग गावच्या सुतारांच्या हातावर उभी आहेत. ती विद्या गेली असती तर नुसतं तिकीट काय करणार होतं? तुमच्याकडे नाव बांधणारे दोघे-तिघे जरी उरले असतील, तरी पहिला पैसा त्यांच्या शिकाऊंच्या पगाराला द्या. एकही उरला नसेल आणि छप्पर गळत असेल, तर मात्र आधी छप्पर.