कैरोत एकच दिवस उरलाय: किल्ला, मुइझ रस्ता की कॉप्टिक कैरो?

पिरॅमिड आणि म्युझियम झालं की बहुतेकांकडे कैरोसाठी एखादाच दिवस उरतो आणि टूरवाले त्यात ही तिन्ही ठिकाणं कोंबतात. तसं प्लीज करू नका, एकही धड बघून होत नाही.

किल्ल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. सुलतान सलादिनने ११७६ च्या सुमारास तो बांधायला घेतला, पण वर गेल्यावर नजरेत भरते ती इजिप्तचा शासक महंमद अली याची मशीद आणि ती एकोणिसाव्या शतकातली आहे, इस्तंबूलच्या मशिदींच्या धर्तीवरची. भव्य आहेच, वरून अख्खं शहर दिसतं तेही मस्त, पण ज्याला अस्सल कैरोचं बांधकाम बघायचंय त्याला ते तिथे फारसं सापडत नाही. त्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी सुलतान हसनची मशीद-मदरसा आहे, १३५६ ते १३६३ मधली, मामलुकांची (मूळचे गुलाम सैनिक, जे पुढे इजिप्तचे सुलतान झाले). दरवाजाच जवळजवळ ३८ मीटर उंच, आत चौकाच्या चार बाजूंना चार प्रचंड कमानी आणि सुन्नी कायद्याच्या चारही पंथांसाठी वेगवेगळे मदरसे. माझ्या मते ही एक इमारत वरच्या अख्ख्या किल्ल्याला भारी आहे.

आता अल-मुइझ रस्ता. उत्तरेच्या बाब अल-फुतूहपासून दक्षिणेच्या बाब झुवैलापर्यंत दीडेक किलोमीटर, फातिमी या शिया राजघराण्याने ९६९ मध्ये वसवलेल्या शहराचा हा मुख्य रस्ता. सुरुवातीलाच अल-हाकिम मशीद लागते, १०१३ ला पूर्ण झालेली, नंतर शतकानुशतकं पडीक, आणि १९८० मध्ये तिचा जीर्णोद्धार केला तो दाऊदी बोहरा समाजाने, त्यांचे मुंबईचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने. नव्या पांढऱ्या संगमरवरामुळे जुनेपण गेलं अशी टीका झालीय आणि त्यात तथ्य आहे, तरी पडीक जागेत परत नमाज सुरू झाली हे मला जास्त मोलाचं वाटतं. पुढे छोटी अल-अकमर (११२५), तिच्यासमोर जरा थांबाच, कारण तिचा दर्शनी भाग रस्त्याला समांतर आहे पण आतली मशीद मक्केच्या दिशेने वळलेली आहे, मधली तिरकस जागा भिंतीच्या जाडीत मुरवून टाकलीय. मग मामलुक सुलतान कलावूनची वास्तू, १२८४-८५, कबर, मदरसा आणि हॉस्पिटल एकत्र, कबरीच्या दालनातला रंगीत काचांचा उजेड बघून माणूस बोलायचा थांबतो. शेजारच्या अल-नासिरच्या (कलावूनचा मुलगा) मदरशाचा दरवाजा तर गॉथिक, म्हणजे युरोपातल्या चर्चच्या शैलीचा आहे, मामलुकांनी क्रुसेडर्सचं अक्का शहर जिंकल्यावर तिथल्या चर्चचा उचलून आणलेला! शेवटी बाब झुवैलावर चढायला मिळतं, पायऱ्या अरुंद आहेत, पण वरून मागचा सगळा रस्ता दिसतो.

कॉप्टिक कैरो, म्हणजे इजिप्तच्या स्थानिक ख्रिश्चनांचा जुना भाग, सगळ्यात सोपं, मेट्रोने मार गिर्गिसला उतरलं की समोरच. रोमन किल्ल्याच्या दरवाजावर बांधलेलं लटकतं चर्च, कॉप्टिक म्युझियम आणि बेन एझ्रा सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), जिथल्या कोठडीत जुन्या कागदांचा प्रचंड साठा सापडला, त्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांची पत्रंही आहेत (कागद आता तिथे नाहीत, बरेचसे केंब्रिजला आहेत). जागा आटोपशीर, अर्ध्या दिवसात आरामात होतं, त्यामुळे सोबत आई-बाबा असतील आणि जास्त चालणं नको असेल तर हेच करा.

बाकी कोणी विचारलं तर मी डोळे झाकून मुइझ सांगेन. सकाळी सुलतान हसन, दुपारनंतर मुइझ, कारण किल्ल्याकडची ठिकाणं संध्याकाळी बंद होतात पण हा रस्ता रात्रीही जागा असतो, दिव्यांत उलट जास्तच छान दिसतो. फक्त कलावूनसारखी तिकिटाची ठिकाणं आधी आटपा. बायकांनी ओढणी जवळ ठेवा, आणि शुक्रवार असेल तर दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदींत जायचा प्लॅन करू नका.