स्प्रिंकलरवाल्याचा टेस्टर पेटला नाही आणि मी विश्वास ठेवला

लिहायचं मनात नव्हतं पण परवा एका मैत्रिणीचा फोन आला आणि तिच्याकडेही अगदी तसंच चाललेलं ऐकलं, म्हणून सगळं लिहूनच टाकते.

आमच्या लॉनला स्प्रिंकलरचे पाच झोन आहेत, म्हणजे पाणी द्यायचे पाच वेगळे भाग. प्रत्येक झोनला एक असे विजेवर उघडणारे पाच वॉल्व्ह, आणि ते ठरल्या वेळी चालू-बंद करणारा एक कंट्रोलर. पुढच्या चेंबरमध्ये तीन वॉल्व्ह आणि मागच्या चेंबरमध्ये दोन. एक दिवस चौथा आणि पाचवा झोन एकदमच बंद पडले, म्हणजे आदल्या दिवशी चालू होते आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नाहीत. कंट्रोलरच्या स्क्रीनवर सगळं नीट, झोन ४ चालू दाखवतोय, मिनिटं कमी होतायत, पण लॉनमध्ये एकही हेड, म्हणजे फवारा उडवणारं तोंड, वर येत नाही.

कोणीतरी नंबर दिला, माणूस आला. बोलायला खूप चांगला, ताई ताई करत होता, घाई नाही काही नाही. कंट्रोलरचं झाकण उघडलं, झोन ४ चालू केला आणि खिशातला टेस्टर काढून, तोच आपल्या सगळ्यांच्या घरात असतो तो, स्क्रूड्रायव्हरसारखा आत लाल दिवा असलेला, तो टर्मिनलला लावला. दिवा पेटला नाही. मला जवळ बोलावून दाखवलं, "बघा ताई, आउटपुटच नाहीये, कंट्रोलर गेला." मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मग शंका कशाला घेणार.

मग म्हणाला कंट्रोलर जाताना दोन्ही वॉल्व्ह पण घेऊन गेलाय, ते बदलावे लागतील. तेही मान्य केलं. मग झोन २ चालवून बंद केला आणि उताराच्या टोकाचं हेड दाखवलं, पाणी बंद केल्यावर पण त्यातून हळूहळू पाणी झिरपत होतं. "हे बघा, पाइप आतून फुटलाय, वॉल्व्ह बंद तरी पाणी येतंय." इथे मी खरंच घाबरले कारण ते हेड रोजच झिरपायचं आणि तिथली माती कायम ओली असायची, त्यामुळे त्याचं बोलणं अगदी पटलं. लॉन उकरलं, पाइपचा तुकडा बदलला, जुने वॉल्व्ह तो घेऊन गेला, म्हणे भंगार आहे कशाला ठेवता. जुना कंट्रोलर मात्र नव्याच्या खोक्यात घालून ठेवायला सांगितला होता मी, तेवढं एक बरं झालं. एकूण जे पैसे गेले त्यात जवळजवळ अर्धी नवीन सिस्टिम आली असती. बिल साध्या कागदावर, त्यावर फक्त "स्प्रिंकलर काम" एवढंच.

पाचही झोन सुरू झाले, मी खूश. दोन महिन्यांनी जोरदार पाऊस झाला आणि परत तेच, चौथा पाचवा बंद. फोन केला तर म्हणाला जमिनीतली केबल गेली, सगळं लॉन उखडून नवीन टाकावी लागेल. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की काहीतरी बरोबर नाही.

माझा मामेभाऊ इलेक्ट्रिकलचं काम करतो, त्याला बोलावलं. मी टेस्टरचं सांगितलं तर त्याने एकच विचारलं, "ताई, कंट्रोलर वॉल्व्हला किती व्होल्ट देतो माहितीये?" मला कुठे माहिती. कंट्रोलर वॉल्व्हला साधारण २४ व्होल्ट एसी देतो, तेही ट्रान्सफॉर्मरमधून, आणि तो लाल दिव्याचा टेस्टर एवढ्या कमी व्होल्टला पेटतच नाही. चांगला कंट्रोलर असो की खराब, दिवा बंदच राहणार. त्याने तोच प्रकार माझ्या नव्याकोऱ्या कंट्रोलरवर करून दाखवला, झोन १ चालू, बाहेर पाणी उडतंय आणि टेस्टर बंद. मला रडूच यायचं बाकी होतं. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं हे मी मानणार नाही.

मग त्याने मल्टीमीटर काढला. झोनच्या टर्मिनलवर २६ व्होल्ट, ठीक. मग कंट्रोलर बंद करून वायरी सोडवल्या आणि प्रत्येक झोनची वायर आणि कॉमन, म्हणजे सगळ्या वॉल्व्हची मिळून एक परतीची वायर, यांच्यामध्ये ओम मोजले, सोलेनॉइड (वॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) चांगला असेल तर साधारण २० ते ६० ओम यायला पाहिजेत. पहिल्या तीन झोनना २८-२९ आले, चौथ्या पाचव्याला काहीच नाही, सर्किट तुटलेलं. तो म्हणाला दोन कॉइल एकाच दिवशी जळणं अवघड आहे, दोघांमध्ये सामाईक काय आहे ते बघू. सामाईक म्हणजे कॉमन वायर. ती पुढच्या चेंबरमधून मागच्या चेंबरला जाते आणि मागच्या दोन्ही वॉल्व्हना तीच. मागचं झाकण उघडलं तर आत पाणी साचलेलं, जोडाला साधी काळी टेप गुंडाळलेली, टेप काढली तर तांबं हिरवं पडून भुगा झालेला. बस्, एवढाच फॉल्ट. पहिल्या वेळीही बहुतेक हाच असणार, त्या स्प्रिंकलरवाल्याने वॉल्व्ह बदलताना जोड नव्याने केला म्हणून दोन महिने चालला. भावाने वायर मागे खरवडून आत जेल असलेले वॉटरप्रूफ कनेक्टर लावले, वीस मिनिटांत दोन्ही झोन चालू. मग खोक्यातला जुना कंट्रोलर लावून बघितला. पाचही झोन चालले!

आणि ते झिरपणारं हेड अजूनही झिरपतं, पाइप बदलूनसुद्धा. कारण तो लीक नव्हताच. झोन बंद झाल्यावर पाइपमध्ये उरलेलं पाणी उताराने सगळ्यात खालच्या हेडमधून बाहेर येतं, थोड्या वेळाने थांबतं. चेक वॉल्व्ह (उरलेलं पाणी अडवून धरणारी झडप) असलेलं हेड बसवलं की संपलं. पाणी दिवसभर थांबतच नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बहुतेक वॉल्व्हच्या डायफ्रामखाली, म्हणजे आतल्या रबरी पडद्याखाली, वाळूचा कण अडकलेला असतो किंवा डायफ्राम फाटलेला असतो, तो उघडून धुता येतो आणि डायफ्राम सुटा मिळतो, पूर्ण वॉल्व्ह बदलायची गरज नसते. आणि पाइप फुटलाय का हे बघायला उकरायचं कशाला, घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा, काटा हलत नसेल तर मेन लाइन ठीक आहे. झोनच्या पुढचा पाइप मात्र यात कळत नाही, त्यासाठी तो झोन चालवून बघायचं, जमिनीतून कुठे पाणी वर येतंय का आणि त्या एकाच झोनचे फवारे लुळे पडलेत का. उकरल्यावर झोन २ चे फवारे खरंच लुळे पडले होते, तेव्हा नोझलच्या खालची छोटी जाळी मातीने भरली होती, तेही तो स्प्रिंकलरवाला नवीन नोझल घ्या म्हणत होता. जाळी नळाखाली धुतली, झालं.

मी त्या स्प्रिंकलरवाल्याला फोन केला. आधी म्हणाला "ताई तेव्हा खरंच चालत नव्हता, तुम्हाला दाखवलं होतं ना." मी टेस्टरचं सांगितल्यावर फोन ठेवला, त्यानंतर उचलत नाही. कागदावर काही नसल्यामुळे पुढे काही करताही आलं नाही, जुने वॉल्व्ह पण त्याच्याकडेच. निदान जुने पार्ट कोणाला नेऊ देऊ नका आणि बिलावर काय बदललं ते एकेक लिहून घ्या.

परवाच्या मैत्रिणीकडे माणूस समोर उभा होता, टेस्टर लावून झाला होता, वॉल्व्ह गेलाय म्हणत होता. मी तिला म्हटलं फोन चालू ठेव, चेंबर उघड, वॉल्व्हच्या डोक्यावरचा वायरी आलेला तो काळा गोल भाग आहे ना तो हाताने पाव फेरा डावीकडे फिरव. तिने फिरवला आणि फोनवरच मला फवाऱ्यांचा आवाज आला. म्हणजे पाणी आहे, वॉल्व्ह उघडतोय, भानगड विजेच्या बाजूला आहे, वायर, कॉइल किंवा कंट्रोलर. तिला म्हटलं त्याला जाऊ दे, फेरा परत उजवीकडे घट्ट कर, आणि रविवारी भावाला घेऊन येते.